रडू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. माझं वय तेव्हा सहासष्ट, म्हंजी मी धरतो तेवढं. आई सांगायची, घोडनदीला मोठा पूर आला त्या साली तू झालास. आता नदीला पूर काय एकदाच येतो? तिसरीपर्यंत शाळा झाली, मग मेंढरांमागं गेलो आणि शाळा तिथंच राहिली. तेव्हा वेलांट्या चुकल्या तर चुकल्या, झालं ते चुकीचं सांगणार नाही.

इनामगावच्या अलीकडं आमची वस्ती. परवा तिकडचीच एक बाई कडेवर पोर घेऊन आली. त्या पोराला तेच झालंय, जे आमच्या मल्हूला झालं होतं. म्हणाली, "आबा, काय काय झालं ते सांगा, मला झोप न्हाई." सांगायला बसलो तर तिची एसटी चुकली. म्हणून लिहून ठेवतो. पुढच्या बाईची चुकायला नको.

फुगवटा

मल्हू म्हंजी माझ्या मुलाचा, दत्तूचा मुलगा. दोन वर्षांचा व्हायचा होता. तोंडात चार शब्द, पण पायाला भिंगरी. एक दिवस सून कमल त्याला अंघोळ घालत होती. डोळ्यांत साबण गेला, पोरगं मोठ्यानं रडलं, आणि कमलनं मला हाक मारली.

"आबा, हिकडं या. हे काय आलंय बघा."

उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला होता. पोरगं गप झालं तसा तो आत गेला. जसा नव्हताच. परत रडलं, परत आला.

मी म्हणालो, "काय न्हाई. अंतर्गळ हाय. कोकरांना व्हतोय. पट्टा बांधला की जातोय."

मी कितीक कोकरांना लोकरीचा पट्टा बांधलाय. काही बरी झाली. जी झाली नाहीत त्यांची मोजदाद कोण ठेवतो? घरात जुनी लोकरीची पट्टी होती, त्यात चिंधीची घडी घातली आणि पोराच्या कमरेला आवळून बांधली.  संध्याकाळी कमलनं ती सोडली तर जांघेत लालभडक वळ. तिनं पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली.

"आबा, हे कोकरू न्हाई."

एवढंच. दहावी शिकलेली आहे, पण जास्त बोलत नाही. दत्तू कंपनीतून आल्यावर दोघांनी ठरवलं, उद्या शिरूरला डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. मला कुणी चला म्हणालं नव्हतं. मी सकाळी फेटा बांधून रस्त्यावर उभा राहिलो.

शिरूरला

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण नजर कडक. पोराला तपासलं, वळ बघितला, मग माझ्याकडं बघितलं. पट्टा कुणी बांधला हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, पोटातून खाली यायची एक वाट जन्माआधी बुजायला पाहिजे, ती ह्याची बुजलेली नाही. त्या वाटेनं आतडं खाली येतं. औषधानं ती वाट बुजत नाही, पट्ट्यानं तर नाहीच. ऑपरेशन करावं लागेल.

ऑपरेशन म्हटल्यावर कमलनं पोराला घट्ट धरलं. दत्तूनं खाली बघितलं. मला राग आला. भीती वाटायच्या आधी मला नेहमी रागच येतो.

मी म्हणालो, "बाई, जरा मोठं हू द्या की. एवढ्याशा जिवाला कशाला कापता?"

"आबा, मोठा होईपर्यंत आतडं तिथं अडकलं तर?"

"अडकंल कशावरनं?"

"अडकणार नाही असं तुम्ही मला लिहून देता का?"

 गावात माझ्या शब्दाला मान आहे, पण लिहून दे असं कुणी म्हणत नाही.

त्यांनी समजावून सांगितलं. छोटं काम आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पुण्याचे एक सर्जन दर गुरुवारी रेल्वेनं दौंडला येतात, लहान मुलांची अशी कामं तेच करतात. तोवर पोराला जोरात रडू द्यायचं नाही, रडलं की फुगवटा येतो. फुगवटा कडक झाला, आत गेला नाही, किंवा पोरगं ओकायला लागलं, तर वाट बघायची नाही, असाल तसे गाडी करून निघायचं. "आणि कुणी हातानं दाबायचं नाही," असं म्हणाल्या तेव्हा पुन्हा माझ्याकडंच बघितलं.

घरी आलो तर मला बसवेना. खळ्यापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून खळ्यापर्यंत. आमची म्हातारी सोनाबाई, म्हंजी माझी बायको, चुलीपासून बघत होती.

"बुडाखाली इंगळ हायत का? बसा की एका जागी."

"तू बस."

"मी बसल्यालीच हाय."

पहिला गुरुवार

आदल्या दिवशी कमलनं सगळ्यांना बजावलं. रात्री जेवल्यावर मल्हूला काही द्यायचं नाही. दूध नाही, पाणी नाही, बिस्कीट नाही. भूल द्यायची तर पोट रिकामं पाहिजे. म्हातारीनं ऐकलं, मान हलवली.

आता आमच्या घरची एक रीत सांगतो. वस्तीच्या कडेला बिरोबाचं ठाणं आहे. घरातलं कुणी मोठ्या कामाला निघालं की देवापुढं वाटीभर दूध ठेवायचं, भंडारा लावायचा, आणि ज्याच्यासाठी दूध ठेवलं त्यानंच ते तिथं उभं राहून प्यायचं. मी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो तेव्हा माझी आई ठेवायची. दत्तू कंपनीत लागला तेव्हा म्हातारीनं ठेवलं. त्याशिवाय आमच्यातलं कुणी वेशीबाहेर मोठ्या कामाला गेलेलं नाही.

दिवस उगवताना जीप येऊन उभी राहिली. कमल आत पिशवी भरत होती. म्हातारीनं पोराला ठाण्यापुढं नेलं, दूध ठेवलं, भंडारा लावला, वाटी त्याच्या तोंडाला लावली. उपाशीच होतं, गटागटा प्यायलं. मी शेजारी त्याची टोपी घेऊन उभा. माझ्या डोळ्यांदेखत झालं. मला त्यात दूध दिसलंच नाही. देवाचं दिसलं.

दौंडचं ते हॉस्पिटल लहानच होतं. खालून रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. आमच्या आधी एक पोर आत गेलं होतं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मल्हूची छाती तपासली, वजन विचारलं, मग म्हणाल्या, "सकाळपासून काय दिलंय?"

कमल म्हणाली, "काही नाही."

"दूध, चहा, पाणी?"

"काही नाही मॅडम."

मी म्हातारीकडं बघितलं. म्हातारी खिडकीकडं बघत होती. बाईंनी तिलाही विचारलं, "आजी, तुम्ही काही दिलं नाही ना? नक्की?"

"न्हाई बाई. कायबी न्हाई."

मेंढराला औषध पाजायचं तर नळकांड्यानं घशात ओततात. त्याची मान जास्त वर झाली किंवा ते दचकलं, तर औषध पोटाऐवजी छातीत जातं. मग ते खोकतं, नाकातून फेस येतो, आणि दिवस मावळायच्या आत पाय ताणतं. मी पाहिलंय. भूल दिलेलं पोर म्हंजी मान टाकलेलं पोर. रिकामं पोट कशाला पाहिजे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या वेळी कळलं.

मी म्हणालो, "दूध पिलंय. वाटीभर. निघताना."

आवाज माझा आधीच मोठा. पार दाराबाहेरच्या लोकांनी माना वळवल्या.

सर्जनसाहेब बाहेर आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाले, "सांगितलं ते चांगलं केलं. पण आज नाही करता येणार. दूध पोटातून उतरायला वेळ लागतो, आणि दुपारनंतर भुलीच्या मॅडम इथं नसतात. पुढच्या गुरुवारी या."

दत्तू म्हणाला, "साहेब, जरासंच दूध हुतं."

"जरासंच फुप्फुसात गेलं तरी पुरतं."

म्हातारी हळूच म्हणाली, "डॉक्टरनं जेवणाचं सांगितलं हुतं. परसादाचं कुठं सांगितलं हुतं?" ती डॉक्टरांना नाही, स्वतःलाच म्हणत होती.

 येताना जीपमध्ये मल्हू रेल्वेचा आवाज काढत होता. भांडगावचा एक माणूस वाटेत जीपमध्ये बसला होता, त्यानं विचारलं, "झालं का काम?" कुणीच बोललं नाही. तो पुढं ड्रायव्हरशी बोलायला लागला.

घरी उतरल्यावर दत्तू म्हणाला, "आबा, वाटीभर दुधानं काय व्हणार हुतं कुणास ठावं. आता आठ दिवस हे असंच सांभाळायचं. मधी अडकलं म्हंजी?"

म्हातारी म्हणाली, "चारचौघांत मला खोटी पाडली." आणि माझ्याशी बोलायची बंद झाली.

 दत्तूचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कदाचित दुधानं काहीच झालं नसतं. कदाचित आता ह्या वेळेला सगळं उरकून पोरगं पाळण्यात झोपलेलं असतं. आणि ह्या आठ दिवसांत आतडं अडकलं, तर पोरगं माझ्या तोंडामुळं गेलं, असं होणार. खरं बोललो ह्याचा मला पस्तावा नव्हता. पण धास्ती पस्तावा असल्याशिवायही लागते.

रडू द्यायचं नाही

दोन वर्षांच्या पोराला आठ दिवस रडू द्यायचं नाही, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पहिल्याच दिवशी मल्हूला समजलं की आपण ओठ काढला की घर पळतं. त्यानं नुसतं बोट दाखवायचं. विळीकडं बोट केलं, विळी लपवून गूळ दिला. गूळ ढकलून दिला, कमलच्या बांगड्या दिल्या. मग शेजारच्या तात्यांच्या कोंबड्याकडं बोट केलं. मी सहासष्ट वर्षांचा माणूस, धोतर खोचून त्या कोंबड्यामागं पळलो.

तात्या ओसरीवरून म्हणाले, "आबा, पाहुणं आल्यात का?"

"न्हाई."

"मग कोंबडा कशाला धरताय?"

"नातवाला बघायचाय."

"मग नातवाला हिकडं आणा की. कोंबड्याला कशाला तिकडं न्हेता?"

हे मला सुचलंच नव्हतं. मग मी नातवाला नेलं. कोंबडा तोवर शेवग्यावर जाऊन बसला होता.

मला रात्री झोप नसायची, दिवसा बसवत नसे. पोरगं झोपलं की त्याच्याजवळ जाऊन जांघेकडं बघायचो. जागं झालं की परत बघायचो. कमल म्हणाली, "आबा, तुम्ही सारखं बघताय म्हणून त्यो पण तिथं सारखा हात लावतोय." म्हातारी माझ्याशी बोलत नव्हती, तरी ताट वेळेवर यायचं. भाकरी पुढं ठेवताना ती ताटाशी बोलायची. "ज्याला जेवायचं त्यानं जेवावं."

रविवारी दुपारी ते झालंच. मल्हू उंबऱ्याला अडखळून पडला. गुडघा फुटला. इतका रडला की श्वास खालचा खाली राहिला. कमलनं कपडा वर केला तर फुगवटा आलेला, आणि ह्या वेळी तो लिंबू नव्हता, दगड होता. पोरगं जागच्या जागी पाय आखडत होतं.

दत्तू शिफ्टला. मी तात्यांना ओरडून सांगितलं, जीपवाल्याला घेऊन या. आणि आत आलो. माझा हात आपोआप पुढं गेला. कोकराला असं झालं की अंगठ्यानं हळूहळू आत सारायचं असतं, ते माझ्या हाताला ठाऊक आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. कमलनं माझं मनगट धरलं. सुनेनं सासऱ्याचं मनगट धरावं असं आमच्यात होत नाही. तिनं धरलं आणि सोडलं नाही.

"आबा, हात लावू नका. बाईंनी सांगितलंय."

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरलेले, पण पकड ढिली नव्हती. मी हात मागं घेतला. आतापर्यंत मला कुणी अडवलं की मी ते काम दुप्पट जोरानं केलेलं आहे. त्या दिवशी नाही केलं.

कमलनं त्याला उताणं निजवलं, कमरेखाली घोंगडीची घडी घातली, पाय उंच केले. म्हातारी त्याच्या डोक्याशी बसली आणि त्याच्या कानाच्या पाळीमागं बोट फिरवायला लागली. ती काही म्हणत होती, गाणं नव्हतं, नुसते आवाज होते, ती पाखरांना दाणे टाकताना काढते तसे. पोरगं हुंदके देत देत ऐकायला लागलं. मी दाराशी उभा. जीपचा आवाज आला, थांबला. जीपवाला आत डोकावला आणि उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

पोराचे डोळे जड झाले. कमल वाकून बघत होती. मग ती मान वर न करता म्हणाली, "गेलं आत."

मी बाहेर आलो. जीपवाल्याला म्हणालो, "जा बाबा, तुला उगीच आणलं."

तो म्हणाला, "असू द्या. मी हितंच थांबतो जरा. परत आलं म्हंजी?" आणि दिवस कलेपर्यंत त्यानं जीप दारातून हलवली नाही. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, आमच्याकडं सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात.

दुसरा गुरुवार

सकाळी म्हातारीनं परत देवापुढं दूध ठेवलं. मी, दत्तू, कमल, तिघंही बघत उभे राहिलो. कुणी काही बोलायच्या आत तिनं भंडारा पोराच्या कपाळाला लावला, वाटीवर पळसाचं पान झाकलं आणि देवाला म्हणाली, "पोरगं येईस्तोवर थांब."

मग आम्हाला म्हणाली, "काय बघताय? देव थांबंल तेवढा. चला."

त्या दिवशी भुलीच्या बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी म्हातारीच बोलली. "पाण्याचा थेंब न्हाई. इचारा ह्यास्नी. ह्ये खोटं बोलत न्हाईत." ते माझ्याबद्दल होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

मल्हूला आत न्यायला सिस्टर आली. दारापाशी कमलच्या हातातून घेतला तसा त्यानं मागं वळून दोन्ही हात पसरले, आणि आईला नाही, मला हाक मारली. "आबा." त्या चार शब्दांतला तो एक होता. दार बंद झालं. दाराला वर काच होती, पण आतून हिरवा रंग दिलेला.

मी चालायला लागलो. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आबा, मी पुसती तिथंच तुम्ही पाय देताय."

"मग मी कुठं पाय देऊ?"

"बाकड्यावर बसा. तिथं पाय द्यावा लागत न्हाई."

बसलो. परत उठलो. मावशी हसल्या, मग त्यांनी माझ्यासाठी अर्धा व्हरांडा कोरडाच ठेवला.

त्याला बाहेर आणला तेव्हा मी जवळ गेलो नाही. तोंड उघडं, मान एका बाजूला, हाताला सुई आणि पट्टी. लांबूनही औषधाचा वास येत होता. मेलेलं कोकरू मी खूप उचललंय, ते असंच दिसतं. सर्जनसाहेब म्हणाले, "छान झालं काम. आता जागा होईल." मला ऐकू आलं, पण पटलं नाही.

मग त्यानं भुवई हलवली. मग तोंड वाकडं केलं. आणि रडायला लागला. खरखरीत, घोगरं, मोठ्यानं. कमल सवयीनं त्याला गप करायला धावली. साहेब म्हणाले, "रडू द्या. आता काही होत नाही."

रडू द्या. आठ दिवस जे ऐकायला नको होतं ते आम्ही चौघं मांडी घालून ऐकत बसलो. म्हातारी माझ्या बाजूला सरकून म्हणाली, "रडतंय."

"रडू दे," मी म्हणालो.

सिस्टर म्हणाली, लघवी केली की घरी जा. मग सगळे त्याच्या लघवीची वाट बघत बसलो. दत्तूनं तांब्यातून पाणी ओतून आवाज काढला. मावशींनी बेसिनचा नळ सोडला. मी मांडीवर घेतला तसा त्यानं माझ्या धोतरावर केली, गुडघ्यापर्यंत. दत्तू हसायला लागला, मग रडायला लागला, आणि तोंड धुवायला बाहेर गेला. त्याच धोतरावर मी घरी आलो.

ठाण्यापुढच्या दुधाचं दही व्हायला लागलं होतं. म्हातारीनं ते तुळशीत ओतलं आणि ताजं तापवून आणलं.

पळू द्यायचं नाही

ज्यांच्या घरी हे व्हायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी खालची पिशवी सुजली, निळी-जांभळी दिसायला लागली. कमल घाबरली, मी तर धोतर बदलून निघालोच होतो. दत्तूनं गावातल्या बूथवरून शिरूरला फोन लावला. बाई म्हणाल्या, होतं असं, उतरेल. उतरलं.

पण खरी कटकट पुढं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत पळायचं नाही, चढायचं नाही, पडायचं नाही, कडेवर पाय फाकवून घ्यायचं नाही. दोन दिवस पोरगं निपचित पडलं. तिसऱ्या दिवशी उठलं आणि सरळ गोठ्याकडं पळालं. कमलनं धरलं तर हातात वळवळायला लागलं. दारं लावली तर खाटेवर चढलं. खाट उभी केली तर उभ्या खाटेवर चढायला लागलं.

माळ्यावर माझी वाघर पडून होती. वाघर म्हंजी दोरीचं जाळं. मेंढरं रानात बसवली की भोवती मेखा ठोकून ती लावायची, म्हंजी आतलं बाहेर जात नाही आणि लांडगा आत येत नाही. कॅनॉलचं पाणी आलं तशी आम्ही शेती धरली, मेंढरं विकली, चार ठेवली. वाघर मात्र मी विकली नव्हती. ती काढून झटकली, निंबाखाली सावलीत मेखा ठोकल्या, खाली घोंगडी अंथरली.

कमल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, लोकं काय म्हणतील? लेकराला मेंढरागत कोंडलं?"

"मी पण आत बसणार हाय."

"आन् तुम्ही किती येळ बसणार? तुमच्यानं जेवताना पण बसवत न्हाई."

ते बोलणं मला लागलं. मी वाघरीत जाऊन बसलो आणि मल्हूला आत घेतलं. लोकर कातायची चाती हातात घेतली. तो चातीकडं बघायला लागला. मी सूत काढायचो, तो ते ओढायचा. तुटायचं, परत जोडायचो. त्याला उठून पळायचं असायचं, मलाही उठून चालायचं असायचं. दोघं एकमेकांकडं बघत बसायचो. मी उठलो की तो उठणार, म्हणून मी उठायचो नाही. आयुष्यात मेंढरांमागं किती चाललो त्याला माप नाही, पण त्या दिवसांएवढा दमलो नाही.

तात्या येऊन जाळीबाहेर उभे राहिले. "आबा, तुमालाच कोंडलं का काय?"

"व्हय."

"काय गुन्हा केला?"

"तुमचा कोंबडा धरला."

दुसऱ्या दिवशी म्हातारी सूप आणि डाळ घेऊन वाघरीत आली आणि निवडत बसली.  मग म्हणाली, "त्या दिशी बोलला ते बरंच झालं म्हणा. पर जरा हळू बोलला असता."

"मला हळू बोलाया येत न्हाई."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि सुपातले खडे मल्हूच्या हाताला लागणार नाहीत असे पलीकडं टाकले.

मग कमलही भाजी चिरायला तिथंच बसायला लागली. दत्तू कामावरून आला की बूट काढून जाळी ओलांडायचा. दिवस मावळताना सगळं घर वाघरीत असायचं, आणि बाहेर नुसती चार मेंढरं आमच्याकडं बघत उभी.

तपासणीला शिरूरला नेलं. बाईंनी पट्टी काढली. बोटाएवढी रेघ, बाकी काही नाही. त्याला टेबलावर हसवला, मग मुद्दाम रडवला. फुगवटा आला नाही. बाई म्हणाल्या, "आबा, झालं. आता पळू द्या."

मी विचारलं, "किती?"

"त्याला पळायचं तितकं."

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी उठून मी मेखा उपटल्या, वाघर गुंडाळली. निंबाखाली मेखांची भोकं तेवढी राहिली. कमलनं मल्हूला आणून घोंगडीवर सोडला. तो चालत कडेपर्यंत गेला. जिथं जाळी होती तिथं थांबला. हात पुढं करून चाचपलं, काही लागलं नाही, तरी पाय पुढं टाकेना.

कमलनं पलीकडून हाक मारली. दत्तूनं टाळ्या वाजवल्या. म्हातारीनं गुळाचा खडा दाखवला. तो तिथंच उभा. ओठ काढायला लागला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मी अजून आत काही बांधून ठेवलंय.

वाघरीतून निघायला कळप असाच बिचकतो. त्याला हाक मारून उपयोग नसतो, हाकलून तर नाहीच. धनगरानं त्याच्याकडं पाठ करायची आणि चालू लागायचं.

मी घोंगडी उचलून खांद्यावर टाकली, काठी घेतली, पोराकडं पाठ केली आणि कॅनॉलकडच्या पायवाटेनं निघालो. मागं वळून बघायची इतकी उबळ आली की मान दुखायला लागली. बघितलं नाही. गोठा गेला. उसाचा बांध आला. मागं काही आवाज नाही. म्हातारीचाही नाही, म्हंजी सगळे श्वास रोखून उभे होते.

मग मातीवर पावलं वाजली. चार वाजली, थांबली. परत वाजली. आणि मग ती थांबेनात.

मी चाल थोडी वाढवली.